नसाबातला गूळ

विमलताई आसुटकरांचा राग पांढरकवड्याच्या कोर्टात सगळ्यांच्या परिचयाचा होता. शिपाईसुद्धा त्यांना येताना पाहून आधी खुर्ची पुसायचा आणि मग नमस्कार करायचा. नवरा घनश्यामराव राळेगावाजवळ कपाशी आणि तूर पिकवायचे. बाईंनी पोरं मोठी झाल्यावर, चाळिशी उलटल्यावर वकिलीची परीक्षा दिली आणि ज्या कामात फी नाही नि शिव्या भरपूर, नेमकं तेच काम गळ्यात बांधून घेतलं. विकल्या गेलेल्या बायापोरींचे खटले त्यांची संस्था फुकट चालवायची. संस्था म्हणजे कोर्टामागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, एक कूलर आणि विमलताईंचा आवाज.

तर अशा या विमलताई त्या रविवारी दुपारी एका बंजारा तांड्यावर, तांड्याचे प्रमुख हिरासिंग नाईक यांच्या अंगणात सतरंजीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

दुसऱ्या दिवशी वर्षाची साक्ष होती. वर्षा याच तांड्यातली, एकवीस वर्षांची. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे घरात मामाचा शब्द चालायचा. त्या सख्ख्या मामानं, पूनमसिंगनं, लग्न लावून देतो म्हणून तिला राजस्थानच्या सीमेवरच्या एका खेड्यात नेलं आणि विकलं. आता तो जामिनावर सुटून राजरोस हिंडत होता. अख्खा खटला वर्षाच्या जिभेवर उभा होता. ती बोलली तर पूनमसिंग आत, नाही बोलली तर तो मोकळा, आणि मग त्याच्या मागोमाग आणखी कुणाकुणाच्या पोरी त्याच वाटेनं जाणार. म्हणून विमलताईंनी तिला तांड्यावर ठेवलंच नव्हतं. ती राळेगावला त्यांच्याच घरी राहत होती.

पण इकडे पूनमसिंगनं नसाब बोलावलं. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. बोलावणं आलं आणि गेलं नाही, तर घर वाळीत. वर्षाच्या भावाची, बादलची, सगाई नुकती ठरली होती, तीही मोडणार. वर्षाची आई हंसाबाई दोन दिवस विमलताईंच्या ओट्यावर येऊन रडली.

"तुमी नुसत्या येऊन बसा, ताई," ती म्हणाली. "तुमी असल्या तं आमाले कोणी बोट लावणार नाही."

आपल्यावाचून कुणाचं अडलंय हे ऐकलं की विमलताईंचं निम्मं शहाणपण कमी व्हायचं. त्या आल्या.

नसाबात बाया बोलत नाहीत. त्या लांब कडुनिंबाखाली बसतात. वकीलबाईंना मात्र नाईकांनी मानानं पुरुषांत बसवलं. बोलणं अर्धं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, अर्धं वऱ्हाडीत चाललं होतं. पूनमसिंग इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हात जोडून उभा होता. त्याच्याकडे पाहून कुणालाही वाटलं असतं की याच्यावरच अन्याय झालाय.

"बहिणीची पोर हाय माही," तो म्हणाला. "बिनाबापाची म्हणून म्या सगाई जुळवली. समद्या तांड्यानं सगाईचा गूळ खाल्ला. आता नवरा बेकार निघाला, तं त्यात माहा काय गुन्हा?"

माना खाली गेल्या. गूळ खाल्ला होता हे खरं होतं. परक्या मुलखातले पाहुणे आले, नाईकांपुढे गूळ वाटला गेला, आणि ज्यानं तो तोंडात टाकला तो त्या सगाईचा साक्षीदार झाला. म्हणूनच तर तांड्यातला एकही माणूस कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हता. पूनमसिंगला खोटं पाडायचं म्हणजे आधी स्वतःला खोटं पाडायचं.

तेवढ्यात कुणीतरी विमलताईंपुढे पितळी ताट धरलं. ताटात गुळाचे खडे आणि पाण्याचा गडवा. कुणब्याच्या घरी उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गूळ-पाणी ठेवतात, मग बसा म्हणतात. विमलताईंचं सगळं आयुष्य असं गूळ-पाणी देण्या-घेण्यात गेलं होतं. त्यांनी खडा उचलला, तोंडात टाकला आणि गडव्याला हात घातला.

"ताई, नका!" कडुनिंबाखालून हंसाबाई किंचाळली.

पूनमसिंगनंही एक खडा तोंडात टाकला होता. तो चघळत होता आणि हसत होता.

"मिटलं," हिरासिंग नाईक गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले. "दोन्हीकडून गूळ खाल्ला गेला. आता कोर्टात कोणी जाणार नाही."

सगाईला गूळ, तशी तंट्याच्या समेटालाही गूळ. इतकी वर्षं विमलताई तांड्यांवर जात होत्या, लग्नांत जेवल्या होत्या, बाळंतिणींना भेटल्या होत्या. पण नसाबात त्यांना आजवर कुणी बोलावलं नव्हतं आणि हे कुणी सांगितलंही नव्हतं. आपल्याला लहान पोराला फसवावं तसं फसवलं, हे लक्षात आलं आणि त्यांच्या डोक्यात जाळ झाला. खडा अजून गालात होता. त्यांनी तो तिथंच, नाईकांच्या सतरंजीवर थुंकला.

"हा घ्या तुमचा गूळ! उद्या साक्ष होईल म्हणजे होईलच!"

हिरासिंग नाईक काही वाईट माणूस नव्हता. पण म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमी माह्या दारात थुकल्या."

परक्या बाईवर हात टाकायचा नाही, एवढी लाज तिथं शिल्लक होती. त्यामुळे सगळा मार बादलच्या वाट्याला आला. पूनमसिंगचा एकोणीस वर्षांचा मुलगा ऋतिक सगळ्यात आधी धावला. त्यानं बादलची मान बगलेत धरली आणि गुडघा त्याच्या तोंडावर मारला. बादल खाली पडल्यावर पाच-सहा जण त्याच्यावर तुटून पडले. लाथा पाठीत बसत होत्या, पोटात बसत होत्या. कुणीतरी चपलेनं त्याचा हात मातीत दाबून धरला होता. विमलताई कायद्याची कलमं ओरडत होत्या आणि ती ऐकायला कुणाला सवड नव्हती. शेवटी हंसाबाई पोराच्या अंगावर आडवी पडली. दोन लाथा तिलाही बसल्या, तेव्हा कुठं नाईकांनी काठी आपटली आणि पोरं मागं सरली. बादलचे दोन दात गुळाशेजारीच पडले होते.

राळेगावला परतल्यावर विमलताईंनी वर्षाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आपण गूळ खाल्ला हेही आणि थुंकलो हेही. वर्षा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं ऐकून घेतलं. डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे, म्हणून ती बोलणाऱ्याकडे मान जरा तिरपी करायची.

"माह्या सगाईत बी असंच झालतं," ती म्हणाली. "समद्यायनं खाल्ला. म्या बी खाल्ला, ताई. गोड लागला."

विमलताईंना रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. त्या उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिल्या.

त्या परमुलखातल्या घरात दोन भाऊ होते. लग्न एकाशी लावलं होतं, पण खोलीची कडी दोघंही काढायचे. वर्षाला ती आतून कधी उघडता आली नाही. पहिल्यांदा पळाली तेव्हा सासूनं चुलीतला लाल चिमटा तिच्या पोटरीवर टेकवला आणि थंड होईपर्यंत काढला नाही. दुसऱ्यांदा पळाली तेव्हा गावकऱ्यांनीच धरून आणून दिली, आणि थोरल्यानं पाट्याचा वरवंटा कानशिलात घातला. त्या दिवसापासून डावा कान गेला. तिसऱ्यांदा ती रेल्वे स्टेशनपर्यंत पोचली, तिथल्या एका वकीलबाईंनी विमलताईंना फोन केला आणि विमलताई गाडीत बसून तिला घेऊन आल्या. हे सगळं वर्षानं त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं होतं, कधी भाजी निवडताना, कधी अंगण झाडताना. कोर्टात मात्र ते सलग सांगायचं होतं, मामाच्या तोंडावर.

"जमंल नं तुले?" विमलताईंनी विचारलं.

"त्यायनं मारलं तवा जमलं," वर्षा म्हणाली. "सांगायले काय जाते?"

सोमवारी सकाळी पोलीस संरक्षणाला म्हणून जो शिपाई यायचा होता, त्याचा फोन आला. त्याला ऐनवेळी दुसऱ्या बंदोबस्ताला जुंपलं होतं. विमलताईंनी फोनवर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण तारीख चुकवली तर पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि तोवर पूनमसिंग वर्षाला बोलण्याजोगी ठेवील याचाही नव्हता. त्या निघाल्या. सुजलेल्या डोळ्यानं बादल जीप चालवत होता. पुढं विमलताई, मागं वर्षा आणि हंसाबाई.

वडकीच्या अलीकडे एका नाल्याच्या पुलावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी भरलेली बंडी आडवी लावलेली होती. बैल सोडलेले, हाकणारा धुरकरी नाही. बादलनं ब्रेक मारला.

"मांगं घे," विमलताई ओरडल्या. "बादल, मांगं घे जीप!"

तोवर नाल्यातून तिघं वर आले होते. दुपट्ट्यांनी तोंडं बांधलेली. पहिल्यानं लोखंडी पाईप समोरच्या काचेवर घातला. काच विमलताईंच्या मांडीवर सांडली आणि पाईपचं टोक त्यांच्या कपाळाला लागलं. डोळ्यांत रक्त उतरलं. बादलनं दार उघडून खाली उडी मारली, तर दुसऱ्यानं त्याच्या गुडघ्यावर काठी हाणली आणि तो ओरडत बसला. तिसऱ्याच्या हातात विळा होता. त्यानं मागचं दार उघडून वर्षाचे केस धरले आणि तिला ओढलं.

"जीब काढा तिची!" पाईपवाला म्हणाला. "बोलंलच कशी मंग?"

हंसाबाई विळेवाल्याच्या दंडाला दातांनी चिकटली. त्यानं तिला झटकलं तेव्हा तिच्या तोंडात सदऱ्याची चिंधी राहिली. विळ्याचं पातं वर्षाच्या गालावरून गेलं. लांब शेतात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या, एकीनंही पाऊल उचललं नाही. विमलताई सीटवरून मागं वळून वर्षाचा पाय धरून ओढत होत्या, आणि आपण ही पोर गमावली, आपल्या एका थुंकीपायी गमावली, एवढंच त्यांच्या मनात होतं.

वर्षा ओढली जात असताना तिचा हात सीटखाली गेला. तिथं टॉमी होती, चाक खोलायची जाड लोखंडी पहार. ती घेऊनच वर्षा बाहेर पडली. विळेवाल्यानं तिचं डोकं मागं खेचलं तशी तिनं न पाहताच टॉमी फिरवली. ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. केस सुटले. ती वळली आणि तिनं दुसरा घाव घातला, या वेळी नीट पाहून. तो माणूस बंडीच्या चाकाशी कोसळला. तिसऱ्या घावासाठी तिनं टॉमी डोक्याच्या वर नेली होती. हिला आता कोणी थांबवू शकणार नाही, असं विमलताईंना वाटलं, आणि खरं सांगायचं तर थांबवावं असंही त्यांना वाटलं नाही.

पडलेल्याचा दुपट्टा सुटला होता. तो ऋतिक होता.

वर्षाच्या हातातली टॉमी खाली आली. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेली. ऋतिकच्या एका कानातून रक्त येत होतं आणि तो काहीतरी बोलायला पाहत होता. बाकीच्या दोघांनी त्याचा चेहरा पाहिला, एकमेकांकडे पाहिलं आणि नाल्यातून मोटारसायकल काढून ते पसार झाले.

हंसाबाई रस्त्यावर बसली. भावाच्या पोराचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि लुगड्याचा पदर त्याच्या कानाला दाबून धरला. मघा याच पोराच्या दंडाचा तिनं चावा घेतला होता.

"याडी," वर्षानं आईला हाक मारली. "तू याच्यासंगं दवाखान्यात जाय. बादल, उचल याले."

"मरू दे साल्याले!" बादल गुडघा धरून म्हणाला.

"मेला तं म्या मारला असं होईन. उचल म्हणते नं!"

बंडी ढकलून त्यांनी वाट मोकळी केली. ऋतिकला मागच्या सीटवर आडवं केलं. बादल दुखरा गुडघा सांभाळत स्टिअरिंगवर बसला, बिनकाचेची जीप राळेगावकडे वळली, आणि पुलावर दोघीच उरल्या. कापसाच्या गाठोड्यांचा एक टेम्पो आला, त्यात त्या चढल्या. विमलताईंनी कपाळाला रुमाल बांधला. वर्षाच्या ओढणीला, बाह्यांना, हातांना रक्त लागलं होतं. गालावरची चीर बारीक होती. बाकी सगळं रक्त ऋतिकचं होतं. विमलताईंनी आपली शाल तिच्या अंगाभोवती गच्च गुंडाळली.

"ऐक," त्या म्हणाल्या. "कोर्टात यातलं काई बोलायचं नाही. पुलाचं नाव काढलं की पोलीस येतीन, जबाब होतीन, आजची साक्ष जाईन. आणि तू टॉमी मारली हे समजलं तं तो वकील तुलेच खुनी ठरवीन. आधी साक्ष. मंग मी सोता फिर्याद देतो. समजलं?"

वर्षानं मान तिरपी करून ऐकलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पूनमसिंग कोर्ट उघडल्यापासून व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. तोच पांढरा सदरा, हातात चहाचा कप. दहा माणसांनी आपल्याला इथं पाहावं, एवढ्यासाठी तो लवकर आला होता. विमलताईंच्या मागून वर्षा फाटकातून चालत आली तेव्हा त्याचा कप ओठांशीच थांबला. मग त्यानं विमलताईंच्या कपाळाचा रुमाल पाहिला, वर्षाच्या पायजम्यावरचे डाग पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. भीती तरी बसली असेल, असं त्याला वाटलं असावं. त्याचा फोन वाजला, पण तेवढ्यात पुकारा झाला आणि त्यानं तो बंद करून खिशात ठेवला.

दारं लावून घेतली गेली. आत न्यायाधीश मॅडम, सरकारी वकील, आरोपीचे वकील, लघुलेखक, दोन पोलीस. वर्षा आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा लावायचा का, असं मॅडमनी विचारलं. वर्षानं नको म्हटलं.

"ॲडव्होकेट, तुमच्या डोक्याला काय झालं?"

"वाटेत जीप घसरली, मॅडम," विमलताई म्हणाल्या. कोर्टापुढं त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या आणि ते त्यांच्या तोंडून फार सहज निघालं.

वर्षानं खरं बोलण्याची शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं आणि ती सांगत गेली. तिचा आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. दोन भावांचं सांगितलं. पायजमा पोटरीपर्यंत वर करून चिमट्याचा डाग दाखवला. मग तिनं जे सांगितलं ते विमलताईंनाही ठाऊक नव्हतं.

"एकडाव मले त्यायच्या घरचा फोन घावला. म्या मामाले लावला. म्हटलं, मामा, मले घेऊन जाय, मी मरून राह्यली इथी. मामा म्हणाला, रडू नको बाई, मी येतो, कोणाले सांगू नको. म्या फोन ठेवला. थोड्या वखतानं त्या थोरल्याले फोन आला. तो फोन मामाचाच होता. म्या आवाज ओळखला. मामानं सांगतलं, पोरगी फोन करून राह्यली, ध्यान ठेवा. मंग त्यानं वरवंटा घेतला."

तिनं डाव्या कानाला हात लावला. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

आरोपीचे वकील उठले. गोड बोलणारे गृहस्थ होते.

"काल तुमच्या तांड्याच्या नसाबात हा तंटा मिटला. तुझ्या या वकीलबाईंनी सगळ्यांसमोर समेटाचा गूळ खाल्ला. खरं आहे ना?"

विमलताईंचे कान तापले. वर्षानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"गूळ ताईनं खाल्ला," ती म्हणाली. "मार म्या खाल्ला."

वकिलांनी हातातला कागद उलटला. मग त्यांनी दुसरीकडून धरलं.

"बरं. तू जामीन रद्द करा म्हणून अर्ज दिलास, धमक्या येतात म्हणालीस. पण माझ्या अशिलानं, किंवा त्याच्या कुठल्याही माणसानं, इथं परत आल्यापासून तुला साधं बोट तरी लावलं का? विचार करून सांग. शपथेवर आहेस."

विमलताईंनी मान हलवली. नाही, सांगू नको. वर्षानं ते पाहिलं. मग तिनं अंगावरची शाल काढली आणि घडी न करता कठड्यावर टाकली. रक्तानं कडक झालेल्या बाह्या, हात, ओढणी सगळ्यांना दिसली. पोलिसांतला एक जण पुढं सरकला.

"आज सकाळी पुलावर तिघं होते," ती म्हणाली. "मले धरलं. जीब कापायची म्हणे. ताईच्या डोस्क्यात पाईप घातला, माह्या भावाचा गुडघा फोडला. एकाजवळ इळा होता, त्यानं मले केसं धरून वढलं. म्या त्याले टॉमीनं मारलं. दोनदा मारलं. पहिल्यांदा सुटायसाठी मारलं." ती पुढं म्हणाली, "दुसऱ्यांदा सुटली होती, तरी मारलं. हे माह्यं रक्त नाही."

ती पिंजऱ्यातल्या पूनमसिंगकडे वळली.

"ऋतिकचं हाय, मामा."

पूनमसिंगला ते लगेच कळलं नाही. तो आधी हसल्यासारखं करत होता, ते हसू तसंच तोंडावर राहिलं आणि वरचे डोळे बदलले. मग तो कठड्यावर चढायला लागला.

"ऋतिक? ऋतिक कसा? त्याले घरी राह्यले सांगतलं होतं म्या! म्या त्या दोघायलेच धाडलं होतं! त्याले कोणी नेलं? त्याले कोणी नेलं तिथी?"

"गप्प बसा!" त्याचे वकील ओरडले. "एक शब्द बोलू नका!"

पण ते ऐकण्यापलीकडे तो गेला होता. दोन्ही पोलिसांनी त्याला मागून धरलं. तो त्यांच्या हातांत झोंबत होता, पांढऱ्या सदऱ्याची बटणं तुटून फरशीवर उडाली, आणि तो फक्त पोराचं नाव घेत होता. दोन वर्षं विमलताईंनी या माणसाच्या तोंडून कबुली निघावी म्हणून रात्रीचा दिवस केला होता. ती अशी निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्यांना आनंदही झाला नाही. बापाचं ते ओरडणं कुणालाही ऐकवलं नसतं.

"जिता हाय का तो? छोरी, एवढं सांग, जिता हाय का?"

"दवाखान्यात धाडला तवा श्वास चालू होता," वर्षा म्हणाली. "याडी हाय त्याच्याजवळ."

मॅडमनी लघुलेखकाला सांगितलं, आरोपी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत घ्या. मग त्या विमलताईंकडे वळल्या.

"जीप घसरली होती?"

विमलताई उभ्या राहिल्या. ज्या आवाजाला शिपायापासून फौजदारापर्यंत सगळे टरकायचे, तो आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा नीट पोचला नाही.

"नाही, मॅडम. मी खोटं बोलले."

"त्याचं काय करायचं ते मी नंतर पाहीन. बसा," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदाराला पाणी द्या आणि पुढं चालू करा."

उलटतपासणीत फारसं काही उरलं नव्हतं. पूनमसिंगचा जामीन तिथल्या तिथं रद्द झाला. त्याला नेताना त्यानं कुणाकडे पाहिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बादलचा फोन आला. ऋतिकला राळेगावहून यवतमाळला पाठवलं होतं. कवटीला तडा होता, शुद्ध नव्हती, डॉक्टर काही सांगत नव्हते. हंसाबाई रुग्णवाहिकेत त्याच्यासोबतच गेली होती. ऐकता ऐकता वर्षा भिंतीला टेकून खाली बसली. विमलताई तिच्याशेजारी बसल्या.

ठाण्यातून हवालदार आला. पुलावरच्या प्रकाराचा जबाब घ्यायचा होता. पोराला मारलं कुणी, ते लिहायचं होतं. विमलताई झटक्यात उठल्या, त्यांचा आवाज परत आला.

"माह्या अशिलाची मेडिकल आधी होईन! आणि तू, वर्षा, आता तरी माह्यं ऐकजो. दुसऱ्या घावाचं बोलू नको. एका घावाचा बचाव मी झोपेत करीन. दुसऱ्यानं तू आत जाशील, पोरी. तो मेला तं जन्मभर जाशील."

वर्षानं भिंतीचा आधार घेतला आणि उठून उभी राहिली. हवालदारानं कागद काढला, पेन काढलं.

"ताई," ती म्हणाली, "त्या घरात मी किती ओरडली. शेजारी ऐके, गाव ऐके, मामानं फोनवर ऐकलं. कोणी एक अक्षर लिहून घेतलं नाही. आज पहिल्यांदा माह्यं कोणी लिहून घेऊन राह्यलं." तिनं उजवा कान हवालदाराकडे केला. "समदं लिहू द्या."